बसल्या नजरेचा डोंगर

गिरगावातल्या आमच्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला बाबांचं टेबल लागतं. त्याच्या कडेला पितळी पट्टी ठोकलेली आहे आणि तिच्यावरचे आकडे हाताने घासून पुसट झाले आहेत. बाबा १९७८ साली अकोले तालुक्यातून मुंबईत आले, सात वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली तसबिरी मढवल्या आणि १९८५ मध्ये हा गाळा घेतला. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो आणि सीनरी. सीनरी म्हणजे तळं, लाकडी घर आणि मागे बर्फाचा डोंगर. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत ती हमखास असायची. तो डोंगर कुठला, हे कुणी विचारत नसे. मी लहानपणी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "आपल्याकडचा नाही, एवढं नक्की."

मी दुकानात पूर्ण वेळ आले २०११ मध्ये. लोकांचे फोटो मोबाइलमध्येच राहू लागले होते आणि मढवण्याचं काम निम्म्यावर आलं होतं. शाळांची प्रमाणपत्रं, ऑफिसांचे सन्मान, मूर्तीमागच्या चौकटी, जे मिळालं ते केलं. टेबलावर वाकून काम करताना पाठ धरायला लागली, म्हणून २०१७ मध्ये सांताक्रूझच्या योग संस्थेत शिकायला गेले. ही संस्था १९१८ पासून चालू आहे. तिथे शिकलेली एक गोष्ट धंद्यात पुढे फार उपयोगी पडली. डोळे मिटण्याआधी नजर एका जागी ठरली पाहिजे. ती भटकत असेल तर डोळे मिटूनही भटकतच राहते.

२०२०च्या दिवाळीच्या सुमारास गोरेगावच्या एका काकूंचा फोन आला. मुलगा परदेशी गेला होता, त्याची दहा बाय नऊची खोली रिकामी होती आणि लॉकडाउनमध्ये मोबाइलवर बघून त्यांनी योगासनं सुरू केली होती. "ताई, समोरच्या भिंतीला एक डोंगर हवा," त्या म्हणाल्या. मी हिमालयातलं एक बर्फाचं शिखर काढलं, तीन बाय दोन फूट, काळी चौकट, वर काच. आमच्याकडे तीस वर्षं चित्रं जशी लावली गेली, तशी ती माणसाच्या उभ्या नजरेला, जमिनीपासून पाच फुटांवर लावून दिली.

आठवड्याने काकूंचा पुन्हा फोन. चित्र छान आहे, पण मला ते दिसतच नाही. मी गेले आणि त्यांच्या चटईवर मांडी घालून बसले. खरंच दिसत नव्हतं. काचेत ट्यूबलाइटची पांढरी रेघ होती, खिडकीची जाळी होती आणि चौकटीची खालची पट्टी होती. डोंगर बघायचा तर मान वर करावी लागत होती, आणि मान वर केली की श्वास अडकत होता. इतकी वर्षं आम्ही उभं राहून चित्रं विकत आलो होतो. ही बाई जमिनीवर बसते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही दोघींनी टेपने मोजलं. जमिनीवर ताठ बसलं की बाईमाणसाचे डोळे साधारण सव्वादोन फुटांवर येतात, उंच पुरुषाचे अडीच फुटांच्या थोडे वर. डोंगराची कडा, म्हणजे आकाश आणि जमीन जिथे भेटतात ती रेघ, या उंचीच्या किंचित वर आली की नजर आपसूक तिथे टेकते. काकूंचं चित्र जवळजवळ दोन फूट खाली आलं. काच काढून चकाकी नसलेलं अ‍ॅक्रिलिक बसवलं. त्यांची मोलकरीण म्हणाली, "एवढं खाली कुणी फोटो लावतं का?" उभ्या माणसाला ते विचित्र दिसतं, हे खरंच आहे. पण ती खोली उभ्या माणसाची नाही.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न चित्राचा नसतो. चटई कुठे घालता, तोंड कुठल्या भिंतीकडे आणि बसता की उभ्याने जास्त करता, हे विचारतो. मग घरी जाऊन वर्तमानपत्राचं पूर्ण उघडलेलं पान भिंतीला चिकटवायला सांगतो. एकाने चटईवर बसायचं, दुसऱ्याने पान वर-खाली सरकवायचं, आणि जिथे बसणारा "बास" म्हणेल तिथे पेन्सिलीची खूण करायची. ही खूण दोन दिवस तशीच ठेवून मगच चित्र ठरवा, असं मी आग्रहाने सांगते. पहिल्या दिवशीची जागा बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी चार बोटं खाली येते.

आकाराचंही तसंच. चटई सहा फुटांची. पुढे हात टेकायला जागा सोडली की बसलेल्या माणसापासून भिंत साधारण पाच फुटांवर राहते. एवढ्या अंतरावर तीन फूट रुंदीचं चित्र पुरतं. याहून रुंद घेतलं तर नजर टोकापासून टोकापर्यंत फिरायला लागते. भिंतभर डोंगर हवा म्हणणाऱ्यांना मी तो दिवाणखान्यात लावायला सुचवते, आणि त्यात माझा धंदा जात नाही.

आता कुठला डोंगर. इथे माझं मत ठाम आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. टोकदार, चमकत्या बर्फाचं शिखर बघायला भव्य असतं, पण त्याच्यापुढे रोज वीस मिनिटं बसणं कठीण जातं. नजर टोकाकडे धावते आणि तिथून निसटते. सह्याद्रीचं वेगळं आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर तयार झाला, त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. म्हणून आपल्या कड्यांवर आडवे पट्टे दिसतात, आणि म्हणून आपले कितीतरी डोंगर वर सपाट असतात. आडवी रेघ नजरेला बसायला जागा देते. हरिश्चंद्रगडावरून हिवाळ्यातल्या पहाटे कोकणाकडे पाहिलं की एकामागे एक सात-आठ रांगा दिसतात, जवळची गडद, तिच्यामागची निळी, शेवटची जवळजवळ आकाशाच्या रंगाची. जितकं अंतर जास्त, तितकी मधली हवा जास्त, आणि ती हवा निळा प्रकाश अधिक पसरवते, म्हणून लांबचा डोंगर निळसर आणि फिका. असं चित्र समोर असलं की श्वास सोडताना नजर रांगेमागून रांगेत आत जाते. हे मी रोज अनुभवते म्हणून लिहिते आहे.

रंगाबद्दल थोडं. पावसाळ्यातला हिरवागार सह्याद्री सगळ्यात जास्त मागितला जातो. छोट्या खोलीत, पांढऱ्या ट्यूबखाली तो हिरवा रंग अंगावर येतो. कारवी फुललेली जांभळी उतरण आठ वर्षांतून एकदा दिसते, म्हणून लोकांना तिचं अप्रूप. पण माझ्या स्वतःच्या चटईसमोर फेब्रुवारीतला, गवत वाळलेला, तपकिरी डोंगर आहे. तो सगळ्यात कमी विकला जातो. मागच्या पाच वर्षांत मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

हिमालय हवाच असेल तर मी रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांच्या चित्रांकडे बोट दाखवते. ते कुलूजवळच्या नग्गरला राहिले आणि तिथेच १९४७ मध्ये वारले. त्यांचे डोंगर टोकदार असले तरी रंग सपाट आणि शांत आहेत, बर्फ डोळ्यात खुपत नाही. दुसरं म्हणजे, आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्या चित्रांची छपाई आम्ही निर्धास्तपणे करू शकतो. इंटरनेटवरून उतरवलेला कुणाचाही फोटो आम्ही छापत नाही. एक तर तो दुसऱ्याच्या मेहनतीचा असतो. शिवाय तीन फुटांवर नीट छापायला लांब बाजूला किमान साडेपाच हजार पिक्सेल लागतात आणि मोबाइलवर आलेल्या फोटोत ते नसतात. आमचे सह्याद्रीचे फोटो माझा धाकटा भाऊ काढतो. प्रत्येक प्रिंटमागे त्याचा वाटा ठरलेला आहे आणि तो त्याला वेळेवर मिळतो.

एक प्रश्न आम्हाला दादरच्या एका काकांनी शिकवला. त्यांनी योगाच्या खोलीसाठी रायगड घेतला, हौसेने, मोठा. पंधरा दिवसांनी तो काढून घ्या म्हणाले. मला वाटलं प्रिंटमध्ये दोष असेल. ते म्हणाले, "ताई, शवासनात माझे पाय महाराजांच्या समाधीकडे होतात हो. मला झोपवत नाही." आम्ही रायगड त्यांच्या दिवाणखान्यात हलवला आणि त्या भिंतीला बिननावाच्या रांगा लावल्या. कैलासाचंही तेच. ज्याची श्रद्धा आहे त्याला तो डोंगर नसतो, देव असतो. म्हणून आता आम्ही आधीच विचारतो, शवासनात पाय कुठे करता? कैलास किंवा गड हवा असेल तर तो डोक्याच्या बाजूच्या भिंतीला.

सगळ्यात मोठा फटका पावसाने दिला. २०२१ साली ऑर्डरी वाढल्या म्हणून आम्ही घाईने काम केलं, मागे नेहमीचा हार्डबोर्ड लावला. जुलै संपेपर्यंत चित्रं परत यायला लागली. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हार्डबोर्डने ओल प्यायली, फुगला, आणि माउंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड कागदी पट्टीवर, बुरशीचे तपकिरी ठिपके आले. त्याच सुमाराला एका पुरवठादाराने टिकाऊ म्हणून दिलेल्या शाईतला निळा उडाला आणि मागच्या रांगा लालसर झाल्या. त्यावर भांडून काही हाती लागलं नाही. आलेली सगळी चित्रं आम्ही फुकट नव्याने करून दिली. त्या वर्षीची कमाई त्यात गेली. चाचांनी, म्हणजे आमच्या जुन्या कारागिरांनी, दोन महिन्यांचा पगार उशिरा घेतला. ते मी विसरणार नाही.

आता मागे पीव्हीसीचा सनबोर्ड असतो, तो पाणी पीत नाही. कडा टेपने बंद करतो. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावतो, म्हणजे चित्र आणि भिंत यांच्यात बोटभर फट राहते आणि हवा खेळते. समुद्राच्या हवेत साधा स्क्रू गंजतो, म्हणून स्टेनलेस स्टीलचाच. छपाईला पिगमेंट शाई, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली, लवकर न उडणारी. आणि पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या बाहेरच्या भिंतीला चित्र लावू नका असं आम्ही स्पष्ट सांगतो. पावसाचा मारा तिकडूनच येतो आणि ती भिंत आतून ओल धरते. दुसरी भिंतच नसेल तर जून ते सप्टेंबर चित्र उतरवून कपाटावर उभं ठेवा.

कॅनव्हासबद्दल बरेच जण विचारतात. काच नाही, चकाकी नाही, वजन कमी, हे सगळं खरं. पण पावसाळ्यात तो सैल पडतो आणि मधे पोट येतं. मागे लाकडी पाचर मारून ताणता येतो, त्यासाठी दुकानात आणावा लागतो. ज्यांना हे चालतं त्यांना आम्ही आनंदाने देतो.

शीर्षासन भिंतीला टेकून करत असाल तर त्या भिंतीला काही लावू नका. हे सांगताना मी गिऱ्हाइकाला नाराज करायलाही तयार असते. पाय खाली येताना चुकला तर चौकट डोक्यावर येईल. काच अ‍ॅक्रिलिकच्या दुप्पट जड असते, त्यामुळे चटईच्या आसपासच्या कुठल्याही भिंतीला आम्ही काच देतच नाही. चौकट मागून दोन स्क्रूंवर बसते, तारेवर लटकत नाही. भाड्याच्या घरात मालक ड्रिल मारू देत नाही. अशांना आम्ही जमिनीवर ठेवायची लाकडी घडवंची करून देतो, दीड फूट उंच. त्यावर चित्र भिंतीला टेकवलं की बसल्या नजरेला बरोबर येतं. घर बदललं की काखेत घालून न्यायचं. अंधेरी-मालाडच्या मुलामुलींमध्ये हीच जास्त जाते.

बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, खुर्चीवर प्राणायाम करतात. त्यांच्या खोलीत मी कळसूबाई लावली, बारी गावाकडून काढलेली. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि त्यांच्या लहानपणी रोज दिसणारा डोंगर. सवयीने मी ती चटईच्या उंचीला लावली होती. चार दिवसांनी पाहिलं तर खुर्चीवर बसून ते मान खाली घालून बघत होते. खुर्चीवर डोळे पावणेचार फुटांवर येतात. जुनी भोकं पुट्टीने बुजवली, चाचांनी लेव्हल धरली, मी ड्रिल मारलं.

बाबांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिलं. माथ्यावरचं देऊळ त्यांना लगेच सापडलं. मग बोटाने हवेत रेघ ओढत त्यांनी लोखंडी शिड्या कुठून जातात ते चाचांना दाखवलं. चाचा तिकडे कधी गेलेले नाहीत.

"अजून एक बोट खाली घे," बाबा म्हणाले.

आम्ही घेतलं.