आज कुठे उभं राहायचं? बेसबॉलमधल्या यूटिलिटी प्लेअरच्या कारकिर्दीबद्दल

रविवार

बेसबॉलपटू बेन झोब्रिस्टचा २००९चा हंगाम आज पुन्हा वाचून काढला. १५२ सामने, ०.२९७ची सरासरी (म्हणजे हजार प्रयत्नांत २९७ यशस्वी फटके), २७ होमरन (मैदानाबाहेर गेलेले फटके), त्याच्या फटक्यांवर आलेल्या ९१ धावा. हे आकडे कुठल्याही चांगल्या फलंदाजाचे असू शकतात. पण त्याच हंगामात तो पिचर (चेंडू टाकणारा) आणि कॅचर (यष्टिरक्षकासारखा) सोडून बाकीच्या सातही जागांवर खेळला. बहुतेक दिवस सेकंड बेस (इनफिल्ड, म्हणजे बेसांजवळचा भाग) किंवा राइट फील्ड (आउटफिल्ड, म्हणजे मागच्या मैदानाची उजवी बाजू), आणि उरलेल्या दिवशी संघाला जिथे भोक पडलं असेल तिथे.

यूटिलिटी प्लेअर, म्हणजे अनेक जागांवर खेळणारा खेळाडू, म्हटलं की अजूनही लोकांच्या डोळ्यांपुढे बाकावरचा माणूस येतो: बॅट कमकुवत, पण हात बरे, म्हणून ठेवलेला. मला हे चित्र पटत नाही. चांगला यूटिलिटी प्लेअर जवळजवळ रोज खेळतो, फक्त त्याची जागा रोज बदलते. त्याच्यामुळे शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या खेळाडूला) मंगळवारी विश्रांती मिळते आणि लेफ्ट फील्डर दुखावला तरी नवा माणूस आणावा लागत नाही. हा फायदा त्याच्या स्वतःच्या आकड्यांत दिसत नाही, तो दुसऱ्यांच्या हंगामात दिसतो.

झोब्रिस्ट तसा घडला तो मात्र नाइलाजातून. २००४च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) ह्यूस्टनच्या संघाने त्याला सहाव्या फेरीत घेतलं. जुलै २००६मध्ये ऑब्री हफ या खेळाडूच्या बदल्यात तो टँपा बेला गेला, शॉर्टस्टॉप म्हणून. त्या वर्षी सरासरी ०.२२४, पुढच्या वर्षी ०.१५५. शॉर्टस्टॉपवरचा माणूस एवढं कमी मारत असेल तर त्याची रवानगी सहसा मेजर लीगमधून खालच्या मायनर लीगमध्ये होते, आणि बरेच जण तिथून परतत नाहीत. त्याला दोन गोष्टींनी तारलं. एक, त्याने नुसता चेंडू बॅटला लावायचा स्विंग सोडून ताकदीचा स्विंग बसवला. २००८मध्ये दोनशेहून कमी ॲट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या पाळ्यांत) १२ होमरन आले. दुसरी, जो मॅडनसारखा मॅनेजर, ज्याला आदल्या दिवशीची लाइनअप (फलंदाजांची यादी) दुसऱ्या दिवशी तशीच ठेवण्याची गरज वाटत नसे. त्यातही तो दोन्ही हातांनी फलंदाजी करणारा, त्यामुळे समोर डावखुरा पिचर आला म्हणून त्याला बसवण्याचं कारण उरत नसे.

असं खेळणारा तो पहिला नव्हे. टोनी फिलिप्सने ओकलंड आणि डेट्रॉइटकडून हे आधीच करून दाखवलं होतं. पण झोब्रिस्टनंतर संघ असा माणूस मुद्दाम शोधू लागले, हा फरक मोठा आहे.

सोमवार

आज फक्त ग्लोव्हबद्दल आणि पायांबद्दल. या कामाचं खरं कौशल्य तिथेच आहे.

यूटिलिटी प्लेअरच्या बॅगेत किमान तीन ग्लोव्ह लागतात, बहुधा चार. सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉपसाठी ११.२५ ते ११.५ इंचांचा, उथळ खिशाचा. थर्ड बेससाठी ११.७५ ते १२ इंच. आउटफिल्डसाठी १२.५ ते १२.७५, खोल खिशाचा. नियमाची कमाल १३ इंच. आणि फर्स्ट बेसचा वेगळा मिट, जो फक्त त्या जागेवरचाच खेळाडू वापरू शकतो. एकाच मधल्या मापाच्या ग्लोव्हवर सगळं भागवायला गेलं की डबल प्लेच्या (एका चेंडूवर दोघांना बाद करण्याच्या) वेळी दगा होतो. चेंडू खोल खिशात रुततो, बोटांना शिवण सापडायला अर्धा क्षण जास्त लागतो, आणि धावणारा फर्स्ट बेसवर सुखरूप पोचतो. उलट छोटा ग्लोव्ह घेऊन आउटफिल्डला गेलं तर पळता पळता हात लांबवून घेतलेला झेल टोकावरून निसटतो. नवं कातडं मऊ व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून जो ग्लोव्ह महिन्यातून एकदाच लागणार, तोही रोजच्या सरावात थोडा वापरावा लागतो. नाहीतर नेमका हवा त्या दिवशी तो फळीसारखा कडक असतो.

जागा बदलली की पहिलं पाऊल बदलतं, आणि चुका बहुतेक तिथेच होतात. इनफिल्डवर पहिलं पाऊल पुढे किंवा बाजूला. आउटफिल्डमध्ये थेट डोक्याच्या रेषेत आलेल्या सपाट फटक्यावर पहिलं पाऊल मागे हवं. इनफिल्डमधून आलेला माणूस सवयीने पुढे धावतो, चेंडू डोक्यावरून जातो आणि एका बेसचा फटका तीन बेसचा होतो. कोपऱ्यात आणखी एक अडचण. उजव्या हाताच्या फलंदाजाने लेफ्ट फील्डकडे ओढलेला चेंडू फाउल लाइनकडे वळतो, डावखुऱ्याचा राइट फील्डकडे तसाच. आठवडाभर राइटला खेळून लेफ्टला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांना हे वळण उलटं करून घ्यावं लागतं. क्रिकेटमध्ये स्लिपमधल्याला सीमारेषेवर पाठवलं तर जे होतं तेच, पण इथे तो बदल कधी कधी एकाच सामन्यात दोनदा होतो.

फेकीचंही तसंच. सेकंड बेसवरून फर्स्ट बेसला फेकायला छोटा, बाजूने येणारा हात पुरतो. शॉर्टस्टॉपच्या उजव्या बाजूच्या खोल कोपऱ्यातून तीच फेक १२० फुटांहून लांब जाते. राइट फील्डमधून थर्ड बेसला फेकायचं तर हात पूर्ण वरून यायला हवा आणि बोटं शिवणींवर आडवी. बाजूने फेकलेला चेंडू एवढ्या अंतरात वळत जातो आणि बेसपासून दोन पावलं लांब पडतो. त्यातून खांद्याला त्रास होतो तो याच कारणाने: सहा दिवस छोट्या फेकी केलेल्या हाताकडून सातव्या दिवशी एकदम लांब फेक मागायची. उपाय कंटाळवाणा पण एकच. आज जागा कुठलीही असो, लांब अंतराची फेक सरावात ठेवायची.

थर्ड बेसला विचार करायला वेळ नसतो. ताशी १०० मैलांचा फटका ९० फूट अंतर सहा-सात दशांश सेकंदात कापतो. तिथे पायांपेक्षा आधीची तयारी महत्त्वाची: गुडघे वाकलेले, ग्लोव्ह जमिनीजवळ. सेकंड बेसवर गोष्ट वेगळी. डबल प्लेच्या वेळी धावणारा पाठीमागून येतो आणि चेंडू घेता घेता वळायचं असतं. २०१५च्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) बेसकडे घसरत आलेल्या चेज अटलीच्या धडकेत रुबेन तेहादाचा पाय मोडला, आणि पुढच्या हंगामापासून घसरण्याचे नियम कडक झाले. नवख्याला ही जागा शिकवणं त्यामुळे थोडं सोपं झालं. फर्स्ट बेस सोपी समजली जाते, पण तिथे नवखा माणूस हमखास घाई करतो. फेक कुठे येणार हे दिसायच्या आधीच तो पाय ताणून बसतो, आणि फेक एक हात बाजूला आली की त्याला हलता येत नाही. चेंडूची दिशा कळल्यावर मगच ताणायचं.

सामन्याआधीच्या सरावात ज्या जागेवर खेळायचं तिथे वीसेक ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू), आणि मग दुसऱ्या एखाद्या जागेवर दहा-बारा. सगळ्या जागा एकाच दिवशी करायला गेलं तर फलंदाजीच्या आधीच पाय थकतात. आठवड्यात वाटून घेतलेलं बरं. शिकायचा क्रमही महत्त्वाचा आहे. शॉर्टस्टॉपवरून सेकंड, थर्ड किंवा लेफ्टला जाता येतं. लेफ्टवरून शॉर्टस्टॉपला गेलेला माणूस मात्र क्वचितच टिकतो. त्यामुळे तरुण खेळाडूला शॉर्टस्टॉपवरून लवकर हलवू नये असं माझं ठाम मत आहे. तो तिथे कमी पडला तरी जे हात आणि पाय तिथे तयार होतात, ते बाकी सगळीकडे उपयोगी पडतात.

एका सामन्यात नऊही जागा खेळण्याचे प्रयोग झालेत. बर्ट कॅम्पनेरिसने ८ सप्टेंबर १९६५ला हे पहिल्यांदा केलं. शेवटी कॅचर असताना होम प्लेटवर (फलंदाजाच्या जागी) टक्कर झाली आणि त्याला मैदान सोडावं लागलं. तमाशा म्हणून ठीक. या कामाचा कस तिथे लागत नाही, तो लागतो हंगामाच्या १६२ सामन्यांत.

बुधवार

अशी कारकीर्द संपते ती बहुतेक वेळा बॅटमुळे, ग्लोव्हमुळे नाही.

आठवड्यात दोनदाच फलंदाजीला उभं राहणाऱ्याला चेंडूचा वेग पकडता येत नाही. पिचिंग मशीनचा वेग वाढवता येतो, पण सामन्यातल्या पिचरच्या हातून सुटणारा स्लायडर (उशिरा वळणारा चेंडू) मशीन दाखवत नाही. पिंच-हिटर (बदली फलंदाज) म्हणून जायचं असेल तर नऊपैकी पाचव्या इनिंगपासूनच (डावापासूनच) स्टँडखालच्या केजमध्ये (सरावाच्या जाळीत) जावं लागतं. आठव्या इनिंगला समोर येणार तो ताजा रिलीव्हर (बदली पिचर), पूर्ण वेगात, आणि त्याच्याविरुद्ध त्या दिवशीची ही पहिलीच वेळ. अशा वेळी मोठ्या स्विंगच्या मागे लागणारे फसतात. जे वाईट चेंडू सोडतात आणि त्याबद्दल मिळालेल्या फर्स्ट बेसला चालत जातात, ते टिकतात. झोब्रिस्टचं मोठेपण इथेही होतं. त्याला चेंडू सोडता येत असे, म्हणून हात चालत नसलेल्या दिवसांतही तो निरुपयोगी ठरत नसे.

२०१५ बघा. जुलैअखेर कॅन्सस सिटीने त्याला ओकलंडकडून आणलं तेव्हा त्यांचा लेफ्ट फील्डर ॲलेक्स गॉर्डन जायबंदी होता. झोब्रिस्ट लेफ्टला उभा राहिला. गॉर्डन परतल्यावर तो सेकंड बेसला आला आणि संघाने वर्ल्ड सिरीज (अजिंक्यपदाची मालिका) जिंकली. एका व्यवहारात दोन भोकं बुजली. त्यासाठी त्यांनी शॉन मनाएआसारखा होतकरू पिचर दिला, आणि मला तो सौदा आजही योग्य वाटतो.

पुढच्या वर्षी शिकागो कब्ज. हंगामभर मुख्यतः सेकंड बेस, पण वर्ल्ड सिरीजमध्ये तिथे हावियेर बाएझ आणि झोब्रिस्ट लेफ्टला. सातव्या सामन्यात नऊ इनिंगनंतर ६-६, मग १७ मिनिटं पाऊस. दहाव्या इनिंगला क्लीव्हलंडने अँथनी रिझोला मुद्दाम फर्स्ट बेस दिला, म्हणजे झोब्रिस्टशी गाठ पडावी. त्याने ब्रायन शॉचा चेंडू लेफ्ट फील्डच्या रेषेलगत मारला, बेसवर असलेला सहकारी अल्मोरा धावत घरी आला, ७-६. सामना ८-७ असा सुटला. मालिकेत २८ ॲट-बॅटपैकी १० हिट (यशस्वी फटके), आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान.

शुक्रवार

पैशांचं गणित थोडक्यात लिहून ठेवतो, कारण त्याशिवाय ही कारकीर्द समजत नाही.

संघात २६ खेळाडू, आणि २०२२पासून पिचर १३पेक्षा जास्त नाहीत. उरले १३. नऊ लाइनअपमध्ये, एक राखीव कॅचर, म्हणजे बाकावर मोकळे फक्त तीन. या तिघांना मिळून सात जागा सांभाळायच्या असतात. २०२२मध्ये नॅशनल लीगमध्येही (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकात) डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा) कायमचा आला आणि पिचरच्या जागी फलंदाज बदलण्याची जुनी कसरत संपली. यूटिलिटी खेळाडूची मधल्या इनिंगमधली कामं त्यामुळे कमी झाली, पण बाक एवढा आखूड आहे की त्याची गरज कमी झाली नाही. २०२३पासून सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर ठेवणं सक्तीचं झालं. मंद पायांच्या माणसाला शिफ्टमागे (इनफिल्डर एका बाजूला गोळा करण्यामागे) लपवता येईना, आणि खरोखर पळू शकणाऱ्या सेकंड बेसमनची किंमत वाढली.

मेजर लीगमधल्या सेवेचं एक वर्ष म्हणजे १७२ दिवस. साधारण तीन वर्षांनी आर्बिट्रेशन (लवादापुढे वेतन ठरवणं), सहा वर्षांनी संघ निवडण्याची मोकळीक. ऑप्शनची, म्हणजे संघ खेळाडूला मायनर लीगला पाठवू शकतो अशी, वर्षं तीन, आणि २०२२पासून एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. यूटिलिटी खेळाडूला हेच सगळ्यात जास्त सोसावं लागतं. त्याची जागा ठरलेली नसल्याने पिचर कमी पडला की पहिला खाली जातो तो. २०२५ला मेजर लीगचं किमान वेतन ७,६०,००० डॉलर होतं, म्हणजे दिवसाला चार हजारांच्या आसपास. हंगामातले वीस दिवस वर की खाली, यावर ८०,००० डॉलर आणि सेवेचे दिवस अवलंबून असतात.

आर्बिट्रेशनमध्ये होमरन आणि आणलेल्या धावा मोजल्या जातात, पाच जागा सांभाळल्याचे गुण फारसे मिळत नाहीत. त्यामुळे असे खेळाडू लवकर दीर्घ करार करतात. झोब्रिस्टने २०१०मध्ये टँपा बेशी चार वर्षांचा १.८ कोटी डॉलरचा करार केला, पुढच्या दोन वर्षांचा पर्याय संघाकडे. खेळाच्या मानाने ती रक्कम फारच कमी होती. बाजारभाव त्याला मिळाला पस्तिशी जवळ आल्यावर, कब्जकडून चार वर्षांचे ५.६ कोटी. गोल्ड ग्लोव्हमध्ये (क्षेत्ररक्षणाच्या पुरस्कारांत) यूटिलिटीसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला २०२२ला, पहिल्या वर्षी डीजे लेमाहू आणि ब्रेंडन डोनोव्हन यांना. तोवर झोब्रिस्ट निवृत्त झाला होता.