साडीचा रंग

कुणी जुना रोल धुवायला आणला की कॅसेटमधून फिल्मचं दोन बोटं टोक बाहेर राहिलेलं असतं, मी आधी ते बघतो. साध्या स्टिल फिल्मची छिद्रं म्हणजे कोपरे गोल केलेले आयत. काकांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून काढलेल्या पाचही रोलांची छिद्रं मात्र वर-खाली सपाट आणि दोन्ही बाजूंना फुगलेली होती, छोट्या पिंपासारखी. टोक उलटं केलं. पाठ काळीकुट्ट, काजळ फासल्यासारखी.

“ही सिनेमाची निगेटिव्ह आहे,” मी म्हणालो.

“मग? ईस्टमनकलर. कॅमेऱ्यातनं उरलेली. मीच भरलीय.”

मे महिन्यातला रविवार होता. काका पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरहून पुण्याला आले होते. सोबत त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ, त्यांना ते अण्णा म्हणत. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. काका एका मराठी चित्रपटाच्या युनिटमध्ये स्टिल फोटोग्राफरचे असिस्टंट होते आणि अण्णा ड्रेसवाले. शूटिंग पन्हाळ्याजवळच्या एका वाड्यात चाललं होतं. दुसऱ्या शेड्यूलनंतर निर्मात्याचे पैसे संपले आणि चित्रपट डब्यात गेला तो गेलाच. साल काकांच्या मते ८२, अण्णांच्या मते ८३. चहात साखर किती, यावर तेवढं दोघांचं एकमत होतं.

“एवढी वर्षं का ठेवले रोल?”

“पुढचं शेड्यूल लागलं तर लागतील म्हणून,” काका म्हणाले. चेहरा अगदी सरळ. चेष्टा होती की काय, मला अजून कळलेलं नाही.

त्या काळी परदेशी कच्ची फिल्म परवान्यावर यायची आणि निर्माते फुटाफुटाचा हिशोब ठेवायचे. चारशे फुटांच्या मॅगझिनमध्ये शेवटी तीस-चाळीस फूट उरले की त्यात शॉट बसत नाही, अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात. असे तुकडे, म्हणजे शॉर्ट एंड, कॅमेरा असिस्टंट बाजूला काढून ठेवायचा. ओळख असली की ते स्टिलवाल्यांना मिळायचे. ३६ फोटोंच्या रोलला साधारण साडेपाच फूट फिल्म लागते. पडद्यावर तेवढ्यात चार सेकंदही जात नाहीत. काका तेवढ्यावर दिवस काढायचे.

अण्णांनी विचारलं, रंगीत निघतील का? मी नाही म्हणालो. सिनेमाच्या रंगीत निगेटिव्हची प्रक्रिया वेगळी, तिचं नाव ईसीएन-२. आपल्या साध्या कलर रोलच्या सी-४१ मध्ये सीडी-४ नावाचं डेव्हलपर, म्हणजे चित्र उठवणारं रसायन असतं, इथे सीडी-३ लागतं. शिवाय पाठीवरचा तो काळा थर, रेमजेट. कॅमेऱ्यातून फिल्म सपासप धावताना ओरखडे पडू नयेत, ठिणगी उडू नये आणि पाठीमागून उजेड परत येऊन दिव्यांभोवती वलय उठू नये म्हणून हा कोळशाच्या भुकटीचा लेप. चुकून तो कलर लॅबच्या मशीनमध्ये गेला तर टाक्या आणि रूळ सगळं काळं. (हल्ली मुलं रेमजेटशिवाय विकलेली सिनेस्टिल नावाची फिल्म घेऊन येतात आणि दिव्याभोवतीचं लाल वलय दिसलं की खूश होतात. जे टाळायला कोडॅकनं एवढा खटाटोप केला, ते आता पैसे देऊन घेतात. असो.) आणि सीडी-३ मिळवून हातानं धुतलं तरी चाळीस वर्षांत तिन्ही थर सारखे म्हातारे होत नाहीत. सावल्या एका रंगाकडे जातात, उजेड दुसऱ्याकडे, आणि ते नंतर सावरता येत नाही.

“आपल्याला रंगीत नकोच,” काका म्हणाले. “आम्ही तेव्हापण ब्लॅक अँड व्हाइटच धुवत होतो.”

मला वाटत होतं की ही युक्ती आमच्या पिढीची. रंगीत फिल्म म्हणजे खरं तर एकावर एक चढवलेल्या तीन कृष्णधवल फिल्मी: वर निळ्या उजेडाची, मध्ये हिरव्याची, तळाशी तांबड्याची. उजेडाची नोंद तिन्हींत चांदीच करते. रंग नंतर येतो. कलर डेव्हलपर चांदी काळी करताना स्वतः बदलतं आणि थरातल्या कपलर नावाच्या रसायनाशी जुळून रंग तयार करतं. मग चांदी धुऊन काढायची आणि रंग ठेवायचा. साधं कृष्णधवल डेव्हलपर त्या कपलरला हातच लावत नाही. चांदी तेवढी उभी राहते. म्हणून रंग मेलेल्या फिल्ममधूनही चित्र निघतं.

काका हे सगळं लॉजच्या न्हाणीघरात करायचे, रात्री, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून. पाच फुटांचा तुकडा घेऊन मुंबईच्या लॅबमध्ये कोण उभं करणार होतं? आणि सकाळी शूटिंगला तो फोटो हातात हवा असायचा. फोटो कशाचे, तर कंटिन्युइटीचे. हिरोईननं खोलीत पाऊल टाकलं ते सोमवारी, दार लावलं ते गुरुवारी. मधल्या तीन दिवसांत पदर, बांगड्या, कंदिलाची वात, सगळं होतं तसं राहिलं पाहिजे. निगेटिव्ह काळी-पांढरी, त्यामुळे रंगांसाठी काकांची एक वही होती. रोल नंबर, फ्रेम नंबर, पुढे रंग. ती वही प्रॉडक्शनच्या ट्रंकेत गेली आणि ट्रंक कुठे गेली कुणाला ठाऊक नाही.

“टाकणखार आहे?” त्यांनी विचारलं. “कोमट पाण्यात घाला. पोळणारं नको.”

टाकणखार होता. लॅबच्या अधिकृत प्रीबाथमध्येही तोच असतो, लिटरला २० ग्रॅम, सोबत सोडियम सल्फेट आणि चिमूटभर कॉस्टिक. मी आपला टाकणखार आणि थोडा धुण्याचा सोडा घेतला.

पहिल्या रोलची सुरुवात मी चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत हात घालून चार-चार इंच कापली. जुन्या फिल्मवर आख्खा रोल डावाला लावायचा नसतो. नळाला ३१ अंशांचं पाणी येत होतं, पातेल्यात बर्फ टाकून ते २० वर आणलं. जुन्या फिल्मला फॉग, म्हणजे सगळीकडे पसरलेली राखाडी झाक फार, म्हणून डी-७६ ऐवजी एचसी-११० हे डेव्हलपर घेतलं आणि त्यात थोडं पोटॅशियम ब्रोमाइड. तीन तुकडे, चार, सहा, आठ मिनिटं. चारवाल्यावर काही नाही म्हटलं तरी चालेल. आठवाला सगळाच राखाडी. सहावाल्यावर एक हात दिसला, काचेच्या बांगड्यांसकट, आणि काठावर कारखान्यातच छापलेलं ईस्टमन, शेजारी ५२४७, हा त्या फिल्मचा नंबर. त्या अक्षरांजवळ वर्तुळ-चौकोन-त्रिकोणाच्या खुणा असतात, त्यावरून फिल्म कोणत्या सालची ते काढता येतं. कोष्टक लावलं, १९८१ आलं.

“म्हणजे ८२,” काका.

“फिल्म ८१ची असली तर शूटिंग ८३ला नाही होत काय?” अण्णा.

पहिले दोन रोल बिनबोभाट झाले. टाकणखाराचं पाणी घालून टाकी जोरात हलवली आणि ओतलं की मोरीत दौत कलंडल्यासारखी शाई. तीनदा बदललं तरी पाणी करडंच. मग डेव्हलपर, चित्र पक्कं करणारा हायपो, पाणी. राहिलेला लेप ओल्या स्पंजानं पाठीवरून पुसायचा आणि पोटाच्या, म्हणजे चित्राच्या बाजूला एक कणही लागू द्यायचा नाही. तिकडे चिकटला तर प्रिंटवर पांढरे ठिपके येतात आणि ते जन्मात जात नाहीत.

तिसऱ्या रोलचा लेप सुटेना. चाळीस वर्षांत तो अगदी बसून गेला होता. मी घाई केली. पाणी गरम घेतलं, चाळीसच्या वर, आणि पुसताना अंगठा जरा दाबला. फिल्म सुटून उलटली आणि जिलेटिन साय निघावी तसं निघालं. एका फ्रेमचा मधला भाग गेला. दिव्यासमोर धरलं तेव्हा कळलं की आतापर्यंतच्या शंभरएक फोटोंतला पूर्ण चेहऱ्याचा तो एकच होता. कपाळ आणि हनुवटी शिल्लक, मध्ये काही नाही.

मी बाहेर येऊन सांगितलं. असं सांगताना आवाज आपोआप लहान होतो.

काकांनी निगेटिव्ह उजेडाकडे धरली. “कोमट म्हटलं होतं मी,” म्हणाले. मग जरा वेळानं, “जाऊ द्या हो. त्या बाईंचा चेहरा सगळ्यांकडं आहे. जोडवी आमच्याकडंच हायेत.”

उरलेले दोन मी शांतपणे, त्यांच्या सांगण्याप्रमाणे धुतले. संध्याकाळपर्यंत पाचही तारेला लटकले. नारिंगी, मळकट. रंगीत निगेटिव्हमध्ये मुळातच असलेली ती नारिंगी छटा, तिला मुखवटा म्हणतात, आपल्या प्रक्रियेत जात नाही. डोळ्याला तिचा त्रास नाही, पण प्रिंटच्या कागदाला नारिंगी उजेड दिसतच नाही. साध्या निगेटिव्हला एन्लार्जरखाली १२ सेकंद लागतात तिथे इथे अडीच मिनिटं दिली. त्यात ही फिल्म मुळातच मवाळ, काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी, कारण सिनेमाची निगेटिव्ह पुढे कडक पॉझिटिव्हवर छापायची असते. सगळ्यात कडक कागद काढला तरी काळं म्हणावं असं काळं येईना. म्हणून आधी सगळे फ्रेम लाइट टेबलवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानं टिपले आणि फक्त लाल चॅनल ठेवला, त्यात नारिंगी जवळजवळ विरून जातं. कागदावर मोजके सहा-सात काढले.

काय होतं त्यांत? हिरो नव्हता. मारामारी नव्हती. अर्धं प्यायलेलं दूध आणि पेल्यावर बोट ठेवून दाखवलेली पातळी. ताटात एक घास तोडलेली पुरणपोळी. मेणबत्ती आणि तिच्या शेजारी उभी फूटपट्टी. उंबऱ्याकडे तोंड केलेल्या कोल्हापुरी चपला. भुवईवरची पट्टी, डाव्या. उजव्या हातात तीन बांगड्या, डाव्या हातात चार. पदराची टोकं, निऱ्या, जोडवी. मी आजवर शेकडो लोकांचे जुने रोल धुतले आहेत: लग्नं, बारशी, सहली. इतक्या काळजीनं काढलेले आणि इतके निरुपयोगी फोटो पाहिले नव्हते. ज्या शॉटला ते जोडायचे होते तो शॉटच कधी झाला नाही.

काका कंप्युटरसमोर बसले आणि एकेक फ्रेमवर रंग सांगू लागले. मी न विचारता. “बांगड्या हिरव्या. चपलांचे गोंडे लाल. ती पट्टीवरची खूण रक्ताची, आळत्याची केलेली. भिंत निळी, चुन्यात नीळ घातलेली.” अण्णा मान हलवत होते. मला गंमत वाटली की निगेटिव्हमध्ये जे नव्हतं ते खुर्चीत बसलं होतं. मी पेन्सिल दिली, प्रिंटच्या मागे लिहा म्हणालो.

चौथ्या रोलचा तेविसावा फ्रेम आला. खुंटीवर टांगलेली साडी, एकटीच.

“मोरपिशी,” काका म्हणाले आणि लिहायला लागले.

“वांगी,” अण्णा म्हणाले.

“अहो, मोरपिशी. वहीत लिवलेलं मला दिसतंय.”

“वहीत काय लिवलंय ते तुमचं तुम्ही बघा. साडी मी आणली. महाद्वार रोडवरनं. वांगी रंगाची, बारीक जरीची. दोन सारख्या आणायच्या होत्या, एकच मिळाली म्हणून शिव्या कुणी खाल्ल्या?”

दहा मिनिटं चाललं. मी दिवे लावले, चहा ठेवला. शेवटी दोघंही माझ्याकडे वळले. “तुम्ही सांगा. तुमच्याकडं निगेटिव्ह आहे की.”

मी निगेटिव्ह लाइट टेबलवर घेतली, भिंग लावलं. फ्रेममध्ये तिन्ही थर होते. साडी मोरपिशी असेल तर तांबड्याच्या थरात चांदी कमी पडली असणार, वांगी असेल तर हिरव्याच्या. नोंद आहे, तिथेच आहे, फिल्मच्या जाडीत. पण निळ्याची चांदी काळी, हिरव्याची काळी, तांबड्याचीही काळी, आणि तिन्ही एकावर एक. आरपार बघितलं की फक्त बेरीज दिसते. कोणत्या थराचे किती, ते रंगानंच सांगितलं असतं आणि रंग आपण उठवलाच नाही.

“राखाडी,” मी म्हणालो.

“ते आम्हालापण दिसतंय,” अण्णा म्हणाले.

सव्वासातच्या गाडीनं जायचं होतं. काकांनी लिहिलेलं ‘मोर’ खोडरबरानं पुसलं. मग प्रिंटच्या मागे नुसतं ‘साडी’ लिहिलं, पुढे दोन बोटं जागा मोकळी सोडली आणि प्रिंट पाकिटात घातला.