सामुद्रधुनीतून किनारा कसा दिसतो, विचारलंत म्हणून

गणपतीत जहाजावरून घरी आलो की श्रीवर्धनात प्रश्न ठरलेला: "दोन्हीकडे किनारे, मधून जहाज. काय मस्त दिसत असेल रे!" माझे फोटो बघूनच विचारता, कबूल.

तर ऐका. मलाक्काच्या सामुद्रधुनीत इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटाची बाजू बहुतेक दिसतच नाही. सखल, तिवरांची, वर धूसर हवा. मलेशिया कळतो तो रात्रीच्या दिव्यांवरून. आणि लुकआउटला उभा राहिलेला खलाशी किनारा बघत नाही, आडव्या येणाऱ्या मच्छीमार होड्या बघतो. सिंगापूरजवळ फिलिप चॅनेलमध्ये तर जेमतेम पावणेतीन किलोमीटरची वाट. तिथे शोभा कोण बघतो?

३ जून २०२०. करार कधीच संपला होता, पण कोरोनामुळे कुठलंच बंदर उतरू देईना. (वर्षअखेरीस जगभर आमच्यासारखे सुमारे ४ लाख खलाशी जहाजांवर अडकले होते.) याच मलाक्काच्या सामुद्रधुनीतून सुएझकडे निघालो होतो, म्हणून मलेशिया उजव्या हाताला. दुपारी आईला फोन लागला. "वारा सुटलाय, कौलं वाजतायत, ठेव आता." चार ते आठ माझी वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. चार वाजले तेव्हा आपल्याकडे दीड, म्हणजे निसर्ग वादळ नेमकं किनाऱ्यावर चढत होतं. वॉचवर फोनला हात लावायचा नाही. डोळे होड्यांवर, आणि पलीकडे मलेशियाच्या पोर्ट क्लांग बंदराच्या बाजूला दिव्यांचा उजेड वाढत चाललेला. आठला खाली आलो, मोबाइलला रेंज होती. घरी लावला, बंद. शेजारी बंद. म्हसळ्याचे मामा बंद. मुंबईच्या भावाला लागला, तर त्याला टीव्हीवरचं तेवढंच माहीत. त्या रात्री मलेशियातल्या कुणालाही मी फोन करू शकलो असतो! मध्यरात्रीनंतर रेंजही गेली. पुढे जहाजाच्या ईमेलवर निरोप आला: माणसं ठीक, छप्पर गेलं, वाडीत माड-पोफळी आडव्या.

रडगाणं नाही हे. पगार चांगला आहे, नवे पत्रे त्यावरच चढले. पोफळीचं तसं नसतं, रोप लावून वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

नवा होतो तेव्हा जिब्राल्टरला एका हाताला स्पेन, दुसऱ्या हाताला मोरोक्को असा व्हिडिओ काढून मीच गावभर मिरवला होता. त्या पोराला खोटं कसं पाडू? हवा स्वच्छ असली की दोन्ही दिसतातच, आणि छानच दिसतात. अजूनही वॉच नसली तरी मी वर जातो, फोटो काढतो, तुम्हाला पाठवतो. का, ते बायकोही विचारते. तिलाही मला अजून धड सांगता आलेलं नाही.