ब्रोकन हिल: खाणीच्या दोन्ही अंगांना वसलेलं गाव

सिडनीहून पश्चिमेला साधारण साडेअकराशे किलोमीटर गेलं की ब्रोकन हिल लागतं. राज्य तेच, न्यू साउथ वेल्स, पण गावात शिरलं की मोबाइलचं घड्याळ अर्धा तास मागे जातं. इथे शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाची वेळ पाळतात. इथली चांदी आणि शिसं १८८८ पासून रेल्वेने बाहेर जायला लागलं ते त्या राज्याकडे. सिडनीशी थेट रेल्वे जोडली जायला १९२७ उजाडलं. तोवर गावाचे सगळे व्यवहार साउथ ऑस्ट्रेलियाच्या राजधानीशी, अ‍ॅडलेडशी, जुळून गेले होते.

ज्या मोडक्या डोंगरावरून गावाला नाव मिळालं, तो खणून खणून केव्हाच संपला. १८८३ साली चार्ल्स रास्प नावाच्या, मेंढ्यांच्या कुरणाच्या हद्दीवर राखणदारी करणाऱ्या माणसाला तिथल्या काळ्या दगडात कथील असेल असं वाटलं. निघाली चांदी, शिसं आणि जस्त. दोन वर्षांत कंपनी उभी राहिली, तीच आजची जगप्रसिद्ध बीएचपी. ती १९३९ मध्ये इथून निघून गेली, गाव मात्र राहिलं. आता साडेसतरा हजारांच्या आसपास वस्ती आहे आणि गावाच्या मधोमध खाणीतून उपसलेल्या मालाची लांबलचक करडी रास. उत्तरेला बाजारपेठ, दक्षिणेला पलीकडचं गाव. रस्त्यांची नावं अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड. आठवीच्या रसायनशास्त्राच्या तासाला ज्यांचा जीव रमायचा, त्यांना इथे फिरायला फार आवडेल.

त्या राशीवर खाणकामगारांचं स्मारक आहे. मी फोटो काढायला म्हणून गेले आणि कॅमेरा पिशवीतच राहिला. गंजक्या रंगाच्या पोलादी भिंतींमधली अरुंद वाट, आणि आत नावंच नावं. या खाणींत जीव गमावलेल्या ८०० हून अधिक माणसांची. नावासमोर मृत्यूचं कारण लिहिलेलं. कुणी दरड कोसळून, कुणी खोल शाफ्टमध्ये पडून, कुणी शिशाच्या विषबाधेने. वाचत पुढे जाताना एकच कारण पुन्हा पुन्हा येतं, आणि कुठल्या साली खाणीत काय चाललं असेल ते आपोआप कळायला लागतं. काही नावांपाशी फुलं खोचलेली होती. म्हणजे ही माणसं अजून कुणाची तरी आहेत.

मी लालबागची. आजोबा गिरणीत होते, त्यामुळे संप हा शब्द घरात लहानपणापासून ऐकलेला. इथल्या खाणकामगारांनी मे १९१९ ते नोव्हेंबर १९२०, तब्बल अठरा महिने संप केला आणि तो जिंकला. जमिनीखाली काम करणाऱ्यांना ३५ तासांचा आठवडा मिळाला, धुळीने छाती निकामी झालेल्यांना भरपाई मिळाली. शंभर वर्षांपूर्वी! संघटनांनी स्वतः उभारलेला ट्रेड्स हॉल सल्फाइड स्ट्रीटवर आजही दिमाखात उभा आहे. आमच्याकडे १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जागी टॉवर आले. गिरणगावात अशी एक भिंत असायला हवी होती, प्रत्येकाचं नाव असलेली. हे मला तिथे उभं राहून फार तीव्रतेने वाटलं.

आपल्याकडच्या वाचकांना सांगायलाच हवी अशी आणखी एक जागा म्हणजे गावाच्या उत्तर टोकाची पत्र्याची छोटीशी मशीद. रेल्वे आणि ट्रक यायच्या आधी या वाळवंटात माल वाहायचे ते उंट, आणि उंट हाकणारे आले होते अफगाणिस्तानातून आणि त्या वेळच्या हिंदुस्थानच्या वायव्य भागातून. उंटांच्या तळावर त्यांनी ही नमाजाची जागा बांधली. आता तिथे छोटं संग्रहालय आहे. घरापासून इतक्या लांब, भाषा वेगळी, बायकामुलं मागे राहिलेली. आम्ही विमानाने येतो, व्हिडिओ कॉल करतो आणि तरी एकटेपणाबद्दल बोलतो.

मी राहिले ते घरही पत्र्याचंच, खाणीत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मुलीचं. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंनी दारातच सांगितलं, बाहेरून आलीस की आधी हात धू. खेळून आलेल्या नातवंडांनाही हेच सांगतात. मातीत शिसं आहे, त्यामुळे लहान मुलांच्या रक्तातलं शिसं इथे नियमित तपासतात. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, काळजी होती. जेवायला त्यांनी चीझ स्लॉ ठेवलं: किसलेलं गाजर, किसलेलं चीझ आणि मेयोनीज. आपल्या कोशिंबिरीचीच बहीण, फक्त फोडणीविना. गावाचा हा खास पदार्थ आहे आणि शाकाहारी माणसाचं इथे त्यावर छान भागतं.

त्यांनीच मला गावाबाहेरच्या कुंपणाकडे नेलं, आणि त्या फेरीसाठी तरी मी त्यांची कायम ऋणी आहे. खाणीला आणि भट्ट्यांना लाकूड लागतं म्हणून सुरुवातीच्या काळात आसपासची झाडं तोडली गेली. उरलंसुरलं शेळ्या आणि सशांनी खाल्लं. मग वाळूची वादळं सुरू झाली, घरांची कुंपणं वाळूत बुडायची. खाणीत धातूची तपासणी करणारे अल्बर्ट मॉरिस हे हौशी वनस्पती-अभ्यासक. त्यांचं म्हणणं साधं होतं: जनावरं आणि ससे बाहेर ठेवा, इथलीच झाडं लावा, बाकी जमीन करील. १९३६ मध्ये एका खाण कंपनीने ते ऐकलं आणि कुंपण घातलं. पाऊस पडला आणि मातीत पडून राहिलेलं बी आपणहून उगवलं. मॉरिस १९३९ च्या जानेवारीत गेले, पण राखीव पट्टा वाढत गेला. कुंपणाच्या आत राखाडी-हिरवी सॉल्टबुशची झुडपं गुडघ्याच्या वर आलेली, बाहेर लाल उघडी माती. बाईंनी एक पान तोडून चाखायला दिलं. खारट लागलं.

विमानाने दूरदूरच्या रुग्णांपर्यंत पोहोचणाऱ्या फ्लाइंग डॉक्टरांचा तळ आणि पंचवीसेक किलोमीटरवरचं सिल्व्हरटन हे ओसाड गावही बघितलं. दोन्ही बघण्यासारखी, पण त्यांच्याबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं.

सिडनीत कुणाकडे येणार असाल आणि ऑपेरा हाउस, ब्लू माउंटन्स झालं असेल, तर इथे नक्की या. डिसेंबर-जानेवारी टाळा, पारा चाळिशी ओलांडतो. सिडनीहून थेट सरकारी रेल्वेगाडी आठवड्यातून एकदाच असते आणि तेरा तासांहून जास्त वेळ घेते. मोटारीने आलात तर वाटेतल्या डबो शहरात मुक्काम करा आणि अंधार पडायच्या आत ठिकाणी पोहोचा, कारण संध्याकाळनंतर कांगारू थेट रस्त्यावर येतात.