मुठीतले ब्युरिन

मुंबईत शिकत असताना मी आम्लाने तांबे कोरण्याचे, म्हणजे एचिंगचे, काम पुष्कळ केले होते. ब्युरिन या टोकदार पोलादी हत्याराने पत्रा थेट कापण्याची वेळ मात्र नेदरलँड्समधल्या हार्लेम गावातल्या एका लहान छापखान्यात प्रथमच आली. सरावासाठी मी डच कोरीवकार हेंड्रिक गोल्त्सियसच्या १५८९ सालच्या छापचित्रातल्या हर्क्युलिसचा खांदा निवडला. ही निवड धाडसाची नव्हे, उद्धटपणाची होती, हे दुपारपर्यंत कळून चुकले. त्या हर्क्युलिसचे स्नायू इतके गाठीगाठींनी फुगलेले आहेत की डच लोक त्याला थट्टेने कंदांचा माणूस म्हणतात, आणि तो सगळा फुगवटा एकेका रेषेच्या जाड-बारीक होण्यातून उभा राहिलेला आहे. ब्युरिनची खाच तळाशी निमुळती असते, त्यामुळे हत्यार जितके खोल शिरेल तितकी रेषा रुंद छापली जाते.

मी ब्युरिन पेनासारखे बोटांनी वळवत होते. एका वळणावर ते निसटले आणि कोरून झालेल्या खांद्यावरून आडवा ओरखडा उमटला. छापखान्याच्या वयस्क मालकांनी तो भाग माझ्याकडूनच खरवडून आणि घोटून घेतला, पडलेला खळगा पत्र्याच्या पाठीकडून हातोडीने ठोकून वर आणवला, आणि मगच मूठ कशी धरायची ते दाखवले. लाकडी बोंड तळव्यात रुतवायचे, बोटे मिटलेली ठेवायची, रेटा दंडातून द्यायचा. वळण हवे असेल तेव्हा डाव्या हाताने वाळूच्या चामडी उशीवरचा पत्राच फिरवायचा.

ती मूठ मी आधी पाहिलेली होती. गोल्त्सियसचा उजवा हात लहानपणी भाजला होता आणि तो त्याला पुढे कधीच पूर्ण उघडता आला नाही, असे त्याचा मित्र कारेल फान मांडर याने लिहिले आहे. त्या आखडलेल्या हाताचे मानले जाणारे १५८८ सालचे रेखाचित्र याच गावातल्या टेलर्स संग्रहालयात आहे. आदल्या रविवारी ते पाहताना मला केवळ कणव वाटली होती. भाजल्यामुळेच तो मोठा झाला, असे म्हणणे मात्र उथळपणाचे होईल, कारण ते चित्र टाकाने काढलेले असूनही त्यातल्या रेषा ब्युरिनच्याच चालीने फुगतात आणि निमुळत्या होतात; म्हणजे ती चाल केवळ मुठीतून आलेली नव्हती.

संध्याकाळी ओल्या कागदावर पहिला छाप काढला. ओरखड्याच्या जागी करडा डाग आला होता, पण खांद्याखालची, मुठीने कापलेली एक रेषा मधोमध नीट फुगली होती. मालकांनी तेवढ्याच रेषेवर बोट ठेवले आणि मला ब्युरिनला धार लावायला बसवले.