तीरचिमणीचा तिढा: नाकतोड्याने दिलेला कौल

तीरचिमणी म्हणजे पिपिट, माळावरचा छोटा पक्षी. मला दिसलेली तीरचिमणी नेमकी कुठल्या जातीची, ‘टॉनी की लाँग-बिल्ड (लांब चोचीची)’, या वादात मागच्या नोंदीत मी हात टेकले होते. रविवारी पाटोद्याजवळच्या माळावर तिढा बराचसा सुटला, आणि तोही कॅमेऱ्यामुळे नाही.

धान तीरचिमणी आधीच बाद होती. आपल्या पक्ष्याचे लोर्स (डोळा आणि चोच यांच्यामधला भाग) गडद, छातीवरच्या रेघा पुसट, उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसत नाहीत. उरल्या दोघी. टॉनीच्या पंखावर गडद ठिपक्यांची ओळ उठून दिसायला हवी. माझ्या चाळीस फोटोंपैकी अकरांत ती दिसते, बाकीच्यांत नाही. पक्षी तोच! नऊ वाजले, मुरूम तापला की हवा अशी थरथरते की ठिपके सोडा, चोचसुद्धा विरघळते. ॲपने एकाच पक्ष्याला तीन नावं दिली. ऑनलाइन मागवलेल्या मोनोपॉडचा (कॅमेऱ्याच्या एकपायी स्टँडचा) आटा दुसऱ्याच फेरीत गेला, ते दुखणं वेगळंच. जुनी ८×४२ दुर्बीण बरी.

बोरीच्या सावलीला मेंढरंवाले मामा टेकले होते. त्यांना फोटो दाखवला.

“हे व्हय? हे हितंच असतंय की, उन्हाळ्यात बी. दगडाच्या आडोशाला घर करतंय.”

मी कपाळावर हात मारला. मे निम्मा सरलाय आणि टॉनी हिवाळी पाहुणी, एव्हाना ती कधीच परतलेली असते! तेवढ्यात वीसेक पावलांवर, उतारावरच्या काळ्या खडकावर आपला पक्षी. चोचीत नाकतोडा आडवा, त्याचे मागचे पाय अजून हलतायत. गिळेना. दोन मिनिटं तसाच उभा. मग कुसळीच्या झुपक्यामागे उतरला, वर आला तो रिकाम्या चोचीने. उडताना शेपटी पसरली: कडा बदामी. घरटं शोधायला गेलो नाही, कुणी जाऊही नका.

चारा पिलांना भरवला असणार; मे महिन्यात इथं घरटं, म्हणजे लाँग-बिल्डच. हिचं वर्णन पक्षी-अभ्यासक जेर्डनने १८४० मध्ये केलं. तो घोडदळाचा डॉक्टर म्हणून जालन्याच्या छावणीत होता, त्यामुळे मला ती उगाच घरची वाटते.

मागच्या बोटाच्या आखूड नखाचा फोटो तेवढा राहिलाय. डिसेंबरात नायगावला टॉनी शोधून दोघींचे फोटो शेजारी लावायचे, असं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी गाणंच का टिपू नये? महागडा रेकॉर्डर रद्द. पुढच्या रविवारी उजाडायच्या आत फोन मोज्यात घालून खडकावर ठेवतो. आधी मोज्यातली कुसळं काढायला हवीत.