चावी फिरवली की जागा होणारा संगणक : आमची वाटचाल

आमचं काम 2003 साली सुरू झालं, गाड्यांत स्पीकर आणि सीडी प्लेअर बसवण्यापासून. इंदूरला महाराणी रोडवर वडिलांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकून नुकताच बाहेर पडलेलो आणि आतेभावाचा हात वायरिंगवर चांगला बसलेला. रामबागेत घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड टाकली आणि पहिल्याच दिवशी दादाने (आतेभाऊ माझ्याहून मोठा) एक नियम घातला : गाडीची मूळ वायर कापायची नाही. कप्लरला (वायरींच्या टोकाचा प्लग) कप्लर जोडायचा, नसेल तर बनवायचा. आजही शेडमध्ये कामाला येणाऱ्या मुलाला आधी हेच शिकवतो, स्क्रीन बसवणं त्यानंतर.

गाडीत संगणक बसवायचं वेड लावलं एका डॉक्टरकाकांनी. त्यांची क्वालिस होती. दर सुट्टीत धुळे-नाशिकमार्गे पुण्याला जायचं, मागे नातवंडं. त्यांना एकाच यंत्रात सगळं हवं होतं : गाण्यांचा मोठा साठा, रस्त्याचा नकाशा आणि मागच्या सीटवर सिनेमा. बाजारात असं तयार काही मिळत नव्हतं. व्हीआयए कंपनीने 2001 मध्ये मिनी-आयटीएक्स नावाचा मदरबोर्ड आणला होता, जेमतेम 17 बाय 17 सेंटीमीटरचा. तो सीटखाली मावतो, हे आम्ही पुठ्ठा कापून पाहिलं आणि काम घेतलं.

संगणक सीटखाली ठेवणं सोपं. त्याला गाडीची वीज पचवणं अवघड, आणि आमचा खरा धंदा तोच आहे. गाडी बारा व्होल्टची म्हणतात, पण बारा व्होल्ट तिथे क्वचितच असतात. बंद गाडीत चांगली बॅटरी 12.6 दाखवते, इंजिन चालू झालं की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) आकडा 14 च्या आसपास नेतो, आणि सेल्फ मारल्यावर तो क्षणभर नऊ-दहावर घसरतो, थंडीत त्याहूनही खाली. त्या क्षणात साधा संगणक बंद पडून पुन्हा चालू होतो. ग्राहकाला वाटतं मशीन खराब आहे. म्हणून सहा ते चोवीस व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी आतल्या बाजूला स्थिर वीज देणारा पॉवर सप्लाय लागतो. तो मागवला तेव्हा काकांच्या एकूण बिलात त्याचा वाटा मोठा होता. त्यांनी कारण विचारलं, मी त्यांना मीटर धरायला दिला आणि चावी फिरवली. आकडा खाली जाऊन वर आलेला त्यांनी स्वतः पाहिला. नंतर पैशांचा विषय निघाला नाही.

तोच पॉवर सप्लाय दुसरं मोठं काम करतो. चावी काढली की संगणक लगेच मारायचा नाही, त्याला आवरायला वेळ द्यायचा, मग वीज पूर्ण तोडायची. पूर्ण म्हणजे पूर्णच. लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-अवरची. संगणक झोपेतही एक अँपिअर ओढत राहिला तर दीड दिवसात ती रिकामी. लग्नाला गेलेली गाडी परतताना सुरूच होणार नाही. बंद गाडीचा सगळा भार 50 मिलिअँपिअरच्या आत ठेवला तर तीच बॅटरी हिशेबाने जवळजवळ महिना काढते. आमच्याकडून निघणाऱ्या प्रत्येक गाडीच्या जॉबकार्डवर हा आकडा लिहिलेला असतो. स्क्रीन किती इंची आहे हे ग्राहक स्वतः पाहतो, हा आकडा त्याला आम्हीच दाखवावा लागतो.

मग हादरे. तेव्हा फिरणाऱ्या हार्ड डिस्क होत्या. आम्ही लॅपटॉपची छोटी डिस्क घेऊन ती रबरी बुशांवर टांगली आणि काकांना गाडी देण्याआधी दोघे भाऊ सेंधव्यापुढे बिजासनच्या घाटात गेलो. आई बिजासनीचं दर्शन घेतलं, घाट उतरलो, चढलो. गाणं कुठे तुटलं नाही. पण ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची आणि इंजिनच्या वेगाबरोबर चढायची. ती अल्टरनेटरची. संगणकाचा अर्थ (वीज परत जायला गाडीच्या पत्र्याला केलेली जोडणी) एका ठिकाणी आणि ॲम्प्लिफायरचा दुसऱ्या ठिकाणी असला की दोन्हींच्या मधल्या फरकातून ती आवाजात शिरते. दादाने सीटखालच्या बोल्टपाशी रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर टाकला आणि सगळ्यांचे अर्थ त्या एका बोल्टवर आणले. शिट्टी गेली. त्या बोल्टवर गंज चढू नये म्हणून ग्रीस लावतो, ही दादाची सवय आता सगळ्या शेडची झाली आहे.

त्या क्वालिसने आम्हाला गावभर नेलं. लोकमान्यनगर, सुदामानगर, पुढे उज्जैन-देवासहूनही गाड्या येऊ लागल्या. मे महिन्यात मात्र संगणक डॅशमध्ये बसवायचा आग्रह धरणाऱ्यांना आम्ही नाही म्हणायचो. उन्हात उभ्या बंद गाडीत काचेखालचा डॅश इतका तापतो की हात ठेववत नाही. मशीन सीटखाली, डॅशमध्ये फक्त स्क्रीन.

2012 मध्ये रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आला आणि हातभर मशीन तळहातावर आलं. फिरणारी डिस्क गेली, खर्च उतरला. आम्हाला वाटलं आता हे काम घरोघरी जाईल. झालं वेगळं. 2014-15 मध्ये ॲपलचं कारप्ले आणि गुगलचं अँड्रॉइड ऑटो आलं, फोनच गाडीच्या स्क्रीनवर दिसू लागला, आणि कंपन्या शोरूममधूनच टचस्क्रीन देऊ लागल्या. वेगळा संगणक कशाला, हा प्रश्न रास्तच होता. ते दिवस कठीण गेले. जेल रोडवर स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनचे ढीग लागले, लोक ऑनलाइन मागवून खोकं हातात घेऊन यायचे आणि फिटिंगचे किती घेता एवढंच विचारायचे. आम्ही स्क्रीन विकण्याच्या शर्यतीतून बाहेर पडलो. फिटिंगचे पूर्ण पैसे घेऊ लागलो आणि पूर्ण काम देऊ लागलो.

कारण तेव्हाच दुसऱ्या ठिकाणी बिघडवलेल्या गाड्या आमच्याकडे यायला लागल्या. एका ताईंची नवी गाडी आठवते. डॅश खोलला तर मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कापून, वायरी पिळून वर साधी काळी टेप. उन्हाने टेपचा गोंद वितळून चिकट झालेला, एक जोड उघडा पडून पत्र्याला टेकायच्या बेतात. आणि बॅटरीच्या वायरवर फ्यूजच नाही. अशा वायरीतूनच गाड्या पेट घेतात, हे सांगताना मला आजही राग येतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण तो आधी वायरीला वाचवतो. त्या गाडीला नवा कप्लर बनवला, प्रत्येक जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि नंतर मऊ फेल्ट टेप, म्हणजे खडखड आवाजही नाही.

काही कामं आम्ही घेत नाही. पुढच्या स्क्रीनवर सिनेमा फक्त हँडब्रेक ओढलेला असताना लागतो, हँडब्रेकची वायर बॉडीला जोडून स्क्रीनला फसवायला सांगणारे बरेच येतात. "भैया, सब लोग करते हैं," म्हणतात. आम्ही करत नाही, मग गाडी कोणाचीही असो. तसंच एअरबॅगच्या पिवळ्या कप्लरला हात नाही, आणि काचेशेजारच्या खांबातून वायर नेताना ती तिथल्या पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगवरून नाही, मागून न्यायची.

आता आमच्याकडे तीन तऱ्हेची कामं येतात. जुन्या, जीव लावून जपलेल्या गाड्या, ज्यांत मूळ रेडिओचा चेहरा तसाच ठेवून मागे आजचं मशीन बसवायचं. ॲम्ब्युलन्स आणि शाळांच्या फिरत्या व्हॅन, जिथे स्क्रीन, कॅमेरे, वेगळी बॅटरी सगळंच आलं. आणि घाटातून सतत जाणाऱ्या टुरिस्ट गाड्या. त्यांच्या मालकांना आम्ही स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटमधून (गाडीच्या तपासणीसाठीची जोडणी) इंजिनचं तापमान स्क्रीनवर आणून देतो. काटा लाल रेषेकडे जाईपर्यंत वाट पाहायची नाही, चढणीवर आकडा सरकताना दिसला की ड्रायव्हर वेळेवर बाजूला घेतो. आमच्या सगळ्या कामांत मला हे सर्वांत प्रिय आहे.

नव्या गाड्यांत आवाज कमी-जास्त करायचं स्टिअरिंगवरचं बटणही कॅन बसवर, म्हणजे गाडीतल्या यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरींवर बोलतं. ही भाषा बॉशने 1986 मध्ये जगापुढे मांडली. त्यामुळे आता मल्टिमीटरशेजारी लॅपटॉप असतो. गाडी आम्ही रात्रभर ठेवून घेतो, त्याचं कारणही हेच : कुलूप लावल्यावर आतले सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) झोपायला वेळ लागतो, आणि ते झोपल्याशिवाय बॅटरीवरचा खरा भार मोजता येत नाही. ग्राहक कुरकुरतात, पण सकाळी आकडा पाहून गाडी नेतात.

हल्ली इलेक्ट्रिक गाड्या येऊ लागल्या आहेत. त्यांतही दिवे, लॉक आणि स्क्रीनसाठी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, मोठ्या बॅटरीतून चार्ज होणारी. आमचं काम त्या बारा व्होल्टपर्यंतच. मोठ्या बॅटरीची केशरी वायर दिसली की हात मागे, असं दादाने भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवलं आहे. पुढच्या महिन्यात आयटीआयची दोन मुलं येतायत, त्यांच्यासाठी त्याने जुन्या हार्नेसचे कप्लर एका फळीवर लावायला घेतले आहेत.